हाताने विणलेली पहिली भेट: टाके घालण्यापासून हातात देईपर्यंत

भाच्यासाठी विणलेला माझा पहिला स्वेटर त्याच्या डोक्यातून खाली उतरलाच नाही. अंग बरोबर, बाह्या बरोबर, पण गळ्याचे टाके मी इतके आवळून बंद केले होते की पोरगं आत अडकून रडायला लागलं. दुसऱ्या खेपेला मावशीसाठी शाल विणली. शुद्ध लोकरीची, दोन महिने खपून. तिने ती बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावली आणि बाहेर आला तो आटलेला, जाडजूड नमदा. मावशीला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि चूक तिची नव्हतीच. ती कपडे कसे धुते हे मी शाल विणण्याआधी विचारायला हवं होतं.

टाका कसा घालायचा, सुलट-उलट कसं, खांब कसा, हे दाखवणारे पुष्कळ भेटतात. विणलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी जाऊन टिकेल कशी, हे मात्र ठेचा खाऊनच कळतं. त्या ठेचा तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहिते आहे. सुयांवर सुलट आणि उलट टाका, किंवा क्रोशावर साखळी, मुका खांब आणि खांब, एवढं येत असेल किंवा शिकत असाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

## १. आधी माणूस ठरवा, वस्तू नंतर

बहुतेकांचं उलट होतं. एखादी वीण डोळ्यात भरते, ती करून बघायची हौस येते आणि मग "ही द्यावी कुणाला?" अशी शोधाशोध सुरू होते. ती हौस स्वतःच्या वस्तूवर भागवावी. भेट विणायची तर लोकर आणण्याआधी पुढच्या गोष्टी माहीत करून घ्या:

- त्या घरात कपडे कोण धुतं आणि कसे? सगळं मशीनमध्ये जात असेल तर हाताने धुवायची वस्तू तिथे देऊच नका. तान्हं मूल असलेल्या घरी तर नाहीच.
- लोकर अंगाला टोचते का? काहींना मानेवर मेंढीची लोकर दोन मिनिटं सहन होत नाही. गुंडा हातात आला की तो स्वतःच्या मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला दहा मिनिटं लावून बघा. तुम्हाला खाजलं तर दुसऱ्यालाही खाजणार.
- तो माणूस रोज कोणते रंग घालतो? आवडता रंग विचारला तर उत्तर एक येतं आणि कपाटात भलतंच दिसतं. कपाटावर विश्वास ठेवा.
- अशी वस्तू तो वापरतो का? आयुष्यात कधी टोपी न घातलेल्या माणसाने तुमची टोपी घालावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मापं गुपचूप घ्यायची असतील तर अंगावर टेप लावायची गरज नाही. त्या माणसाचा नीट बसणारा स्वेटर किंवा सैलसर टीशर्ट सपाट पसरून छातीची रुंदी, उंची आणि बाहीची लांबी मोजा. डोक्याचा घेर मोठ्या माणसांचा साधारण ५४ ते ५८ सें.मी. असतो. टोपी त्यापेक्षा पाच-सहा सें.मी. कमी विणायची, कारण वीण ताणली जाते आणि त्या ताणावरच टोपी डोक्यावर बसते. अगदी मापाची विणली तर वाकल्यावर घसरते.

## २. छोटी वस्तू घ्या आणि दिवस मोजून घ्या

पहिल्यांदा विणायला मी या वस्तू सुचवेन: सुती पुसणं, कपाखाली ठेवायची गोल चकती, केसांची पट्टी, टोपी, मफलर. मोजे आणि स्वेटर आत्ता नको. मोज्यात टाचेचं वळण असतं, स्वेटरला चार भाग आणि शिवण असते, आणि दोन्हीत माप चुकलं तर वस्तू वाया जाते. मफलर दोन सें.मी. कमी-जास्त झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता दिवसांचा हिशोब. "मफलर काय, आठवड्यात होईल," असं मलाही वाटायचं. प्रत्यक्ष मांडून बघा. मध्यम जाडीची लोकर, ५ मि.मी.च्या सुया, सगळ्या सुया (म्हणजे ओळी) सुलट. समजा १० सें.मी.मध्ये १८ टाके आणि ३४ ओळी बसतात. १८ सें.मी. रुंदीला ३२ टाके लागले. १६० सें.मी. लांबीला ५४४ ओळी. एक ओळ दोन मिनिटांत होत असेल तर एकूण १,०८८ मिनिटं, म्हणजे अठरा तासांच्या वर. रोज पाऊण तास बसलात तर चोवीस-पंचवीस दिवस. त्यात उसवणं आलं, टोकं लपवणं आलं, धुऊन वाळवणं आलं. महिनाभर धरा. स्वतःच्या दहा ओळींना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा आणि तोच आकडा या गणितात घाला. एकाच वेळी सहा जणांना विणून द्यायचा बेत असेल तर हे गणित केल्यावर तो आपोआप दोन जणांवर येतो.

सुया की क्रोशा? क्रोशावर एका वेळी एकच टाका उघडा असतो, त्यामुळे चुकलं तर धागा ओढा आणि मागे जा, बाकीचं जागच्या जागी राहतं. खांब उंच असल्याने कामही भराभर वर चढतं. पण तेवढ्याच मापाला लोकर जास्त लागते आणि कापड जरा जाड होतं. सुयांवरचं कापड मऊ, लवचीक, अंगाबरोबर ताणणारं. म्हणून टोपी, मोजे, स्वेटर यांना सुया बऱ्या. खेळणी, पिशवी, चकत्या, गोल-चौकोन जोडून केलेली चादर यांना क्रोशा. (एक गंमत: सुयांच्या विणीचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्येच बनवलं, क्रोशाचा खरा टाका मात्र अजूनही जवळजवळ सगळीकडे हातानेच घातला जातो.)

## ३. हाताशी काय लागेल

- ४ आणि ५ मि.मी.च्या सुया. शिकताना बांबूच्या किंवा लाकडी घ्या. धातूच्या सुयांवरून टाके सटकतात.
- ४ आणि ५ मि.मी.ची क्रोशाची सुई, जाड मुठीची मिळाली तर हात कमी दुखतो.
- मऊ मोजपट्टी आणि एक ताठ पट्टी. ताणलेल्या मोजपट्टीने माप खोटं येतं.
- मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई. टोकं ओवून घ्यायला हिच्याशिवाय चालत नाही.
- छोटी कात्री, आणि टाक्यांवर खूण म्हणून अडकवायला पाच-सहा सेफ्टी पिना.
- न गंजणाऱ्या टाचण्या आणि एक जुना टॉवेल.
- वही आणि पेन्सिल.

एवढंच. सतरा मापांच्या सुयांचा डबा पहिल्याच दिवशी घेऊ नका. माझ्या डब्यातल्या निम्म्या सुया अजून कोऱ्या आहेत.

## ४. लोकर निवडणं

इथे घाई करू नका, कारण लोकर चुकली तर पुढचं सगळं चुकतं. आणि "लोकर" म्हणून मिळते ती सगळी मेंढीची नसते.

मेंढीची लोकर उबदार, लवचीक, आणि चुका पोटात घालणारी: टाके थोडे वेडेवाकडे आले तरी धुतल्यावर बसतात. पण तिच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि घट्ट होतं. माझ्या शालीचं तेच झालं. एकदा आटलेली लोकर पूर्ववत होत नाही. लेबलवर "सुपरवॉश" असेल तर हे खवले प्रक्रियेने गुळगुळीत केलेले असतात आणि ती सहसा मशीनमध्ये धुता येते. मात्र सुपरवॉश ओली झाली की सैल पडून लांबते, म्हणून मापाचा तुकडा (आधी विणून बघायचा नमुना, पाचव्या भागात बघा) धुतल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

ॲक्रिलिक स्वस्त, मशीनला चालणारं, आणि मुलांच्या वस्तूंना, पांघरुणांना सोयीचं. त्याला नाकं मुरडणारे भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. फक्त दोन गोष्टी सांभाळा. गरम इस्त्री टेकवली की ते कायमचं लुळं, चपटं पडतं. आणि ते वितळतं, म्हणून गरम भांडी उचलायची कापडं ॲक्रिलिकची कधीही करू नका.

सुती धागा घाम आणि पाणी शोषतो, टोचत नाही, उकळत्या पाण्यालाही दबत नाही. पुसणी, पिशव्या, गरम भांड्यांची कापडं यांना हाच. पण त्याला ताण नाही. सुती टोपी एकदा सैल पडली की सैलच, आणि सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. विणताना बोटांनाही तो जास्त थकवतो.

घरात जुना, लेबल नसलेला गुंडा असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर जाळून बघा. मेंढीची लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख बोटांत चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

रंग आणि पोत? पहिल्या कामाला फिक्या रंगाचा, गुळगुळीत, पीळ नीट दिसणारा धागा. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि केसाळ लोकर उसवता येत नाही. दुकानात हात आपोआप केसाळ गुंड्याकडेच जातो. आवरा.

किती घ्यायची? वजनावर जाऊ नका, मीटर बघा. १०० ग्रॅम बारीक लोकर दोनशे मीटरच्या वर भरते आणि १०० ग्रॅम जाड लोकर त्याच्या निम्मीही भरत नाही. मध्यम जाडीत मोठ्या माणसाच्या टोपीला साधारण १५० ते २०० मीटर, मफलरला ३०० ते ४००, बाळाच्या चौकोनी दुलईला ७०० ते ९०० मीटर धरा. क्रोशाचं असेल तर वरच्या बाजूचा आकडा धरून आणखी एक गुंडा घ्या.

आणि सगळे गुंडे एकदमच घ्या. लेबलवर रंगाच्या क्रमांकाशेजारी डाय लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या खेपेचा क्रमांक असतो. रंगाचा क्रमांक तोच पण डाय लॉट वेगळा असेल तर छटा किंचित फरकाची निघते. गुंड्याशी गुंडा ठेवून कळत नाही, विणल्यावर पट्टा स्पष्ट दिसतो. अडचणीत सापडलातच तर जुन्या आणि नव्या गुंड्याच्या दोन-दोन ओळी आलटून-पालटून घाला म्हणजे फरक विरघळतो.

लेबल टाकू नका. ते वहीत चिकटवा, शेजारी धाग्याचा तुकडा बांधा. शेवटी पुन्हा लागणार आहे.

## ५. मापाचा तुकडा: टाळू नये अशी पायरी

सगळे टाळतात. मीही टाळायची, मावशीची शाल आटेपर्यंत.

प्रत्येकाचा हात वेगळा. तीच लोकर, त्याच सुया, पण कुणी घट्ट विणतं, कुणी सैल. पॅटर्न (विणायच्या लेखी सूचना) ज्याने लिहिला त्याच्या हाताचं माप तुमच्या हाताला लागू होईलच असं नाही. समजा पॅटर्नमध्ये १० सें.मी.ला २० टाके सांगितलेत आणि टोपीला १०० टाके घालायला सांगितलेत: घेर ५० सें.मी., ५६ सें.मी.च्या डोक्यावर छान बसेल. तुमचा हात सैल असेल आणि १० सें.मी.ला १८ टाकेच बसत असतील तर त्याच १०० टाक्यांचा घेर साडेपंचावन्न सें.मी. होईल आणि टोपी डोळ्यांवर येईल. घट्ट हाताने २२ बसले तर घेर साडेपंचेचाळीस, आणि कपाळावर वळ उठतील. दहा सें.मी.मध्ये दोन टाक्यांचा फरक, बाकी काही नाही.

म्हणून निदान १५ सें.मी. रुंद आणि तेवढाच उंच तुकडा विणा. कडा नेहमी ओढलेल्या असतात, तेव्हा मोजायचं मधल्या १० सें.मी.मध्ये. आणि मोजण्याआधी तो तुकडा त्या घरी धुतला जाईल तसाच धुऊन वाळवा. मशीनमध्ये धुणार असतील तर मशीनमध्ये. तुकडा आटला, रंग गेला, ताणला, जे काही व्हायचं ते दोन गुंडे संपवायच्या आधी कळलेलं बरं.

टाके जास्त बसले तर एक माप जाड सुई घ्या, कमी बसले तर बारीक. मुद्दाम सैल किंवा घट्ट विणायचा प्रयत्न करू नका. दहा ओळींनी हात आपल्या वळणावर जातोच. गोल विणायची वस्तू असेल तर तुकडाही गोलच विणा, कारण सपाट विणताना उलट सुयांवर बऱ्याच जणांचा हात बदलतो.

पुसणं किंवा मफलर असेल तर तुकडा न विणता सरळ सुरुवात केली तरी चालेल.

## ६. पॅटर्न वाचताना

पहिला सापळा सुयांचे नंबर. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की जाड. ब्रिटिश ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५ मि.मी.; १० नंबरला तर ३.२५ आणि ६ मि.मी. असा जवळपास दुपटीचा फरक पडतो. नंबरांच्या नादी न लागता मि.मी. बघा. जुन्या सुयांवर नंबर पुसट झाला असेल तर सुयांची मापं तपासायची भोकांची पट्टी मिळते.

दुसरा सापळा क्रोशाच्या नावांचा. आपला मुका खांब अमेरिकेत "सिंगल क्रोशे" आणि ब्रिटनमध्ये "डबल क्रोशे". आपला खांब अमेरिकेत "डबल क्रोशे" आणि ब्रिटनमध्ये "ट्रेबल". म्हणजे "डबल क्रोशे" एवढंच लिहिलेलं असेल तर मुका खांब घालायचा की खांब, हे कळत नाही. ओळखायची सोपी खूण: पॅटर्नमध्ये कुठेही "सिंगल क्रोशे" दिसलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

कंसात एकापुढे एक आकडे दिले असतील तर ते लहान-मोठ्या मापांसाठीचे वेगवेगळे आकडे. आपल्या मापाचा आकडा आधीच पेन्सिलने गोल करून ठेवा, नाहीतर बाही एका मापाची आणि अंग दुसऱ्या मापाचं होतं. हसू नका.

## ७. विणायला बसल्यावर

मोजा. सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक ओळीला टाके मोजा. नवीन माणसाचा चौकोन हमखास एकीकडे फुगतो किंवा निमुळता होतो, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

सुयांवर फुगत असेल तर ओळीच्या सुरुवातीला बघा. धागा सुईच्या वरून मागे ओढला गेला की पहिला टाका वर उचलला जातो, त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. पहिला टाका विणण्याआधी धागा खाली, सुईच्या खालून जातोय ना, ते बघा. मध्येच भोकं पडत असतील तर सुलट-उलट करताना धागा पुढचा मागे घ्यायचा राहिला आणि सुईवर जास्तीचा वेढा पडला.

क्रोशावर निमुळता होत असेल तर शेवटचा खांब सुटतोय. खांबाच्या ओळीत सुरुवातीच्या तीन साखळ्या बहुतेक वेळा एक खांब म्हणून मोजतात. परत येताना ओळीचा शेवटचा खांब त्या तिसऱ्या साखळीत घालायचा असतो, आणि नवशिक्याला ती साखळी दिसतच नाही. तिच्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा.

सुरळी होणारा मफलर. एक सुई सुलट, एक सुई उलट विणलं की पुढून गुळगुळीत, दिसायला देखणं कापड होतं. पण ते कडांनी आत वळतं. मफलर विणलात तर नळी तयार होते, आणि इस्त्री-पाणी काही केलं तरी ती कायमची सरळ होत नाही. मफलरला सगळ्या सुया सुलट घ्या, किंवा दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डरची वीण पूर्ण लांबीभर घ्या. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, गळ्याभोवती हे महत्त्वाचं.

नवा गुंडा ओळीच्या कडेलाच जोडा आणि दोन्हीकडे १५ सें.मी. टोकं सोडा. गाठ मारून पुढे जायचा मोह होतो. गाठ टोचते, बाहेर डोकावते, आणि गुळगुळीत धाग्याची तर सुटतेसुद्धा.

गोल क्रोशे करताना मुक्या खांबांची सपाट चकती हवी तर पहिल्या फेरीत सहा, मग प्रत्येक फेरीत सहा-सहा वाढवा: ६, १२, १८, २४. कडा लाटांसारख्या उठल्या तर तुम्ही जास्त वाढवताय, वाटी झाली तर कमी. खेळण्यांना ही वाटीच हवी असते, म्हणून तिथे वाढवणं थांबवून सरळ फेऱ्या घालतात. खेळण्यासाठी लेबलवर लिहिलेल्या सुईपेक्षा एक-दोन मापं बारीक सुई घ्या, नाहीतर टाक्यांच्या फटींतून आतला कापूस दिसतो.

टाका सुटला तर घाबरून सगळं उसवू नका. शिडीसारखे आडवे धागे दिसतात. क्रोशाच्या सुईने खालून एकेक धागा ओढत तो टाका वर आणता येतो. जाळीदार किंवा अवघड वीण असेल तर दर दहा-बारा ओळींनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा पातळ दोरा ओवून ठेवा. चुकलंच तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवलं जाईल.

एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरे. मग बोटं उघड-मीट करा, मनगट फिरवा. देण्याची तारीख जवळ आली म्हणून रात्रभर विणलं की अंगठ्याचा सांधा आठवडाभर आठवण करून देतो.

## ८. बाळासाठी विणत असाल तर

इथे नियम कडक ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला मण्यांचे किंवा बटणांचे डोळे नकोत. कितीही घट्ट शिवले तरी तोंडात जाऊन सुटू शकतात. डोळे धाग्याने भरा. टोपऱ्याला, स्वेटरला गळ्यापाशी लांब नाड्या किंवा गोंडे नकोत. मोठ्या भोकांची जाळीदार वीण नको, चिमुकली बोटं अडकतात. मोहेरसारखी तंतू सोडणारी लोकर तर नकोच. हातमोज्यांच्या आणि पायमोज्यांच्या आत सुटा धागा राहिला नाही ना, ते उलटे करून तपासा. तो बोटाभोवती आवळला जाऊ शकतो.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सैल पांघरूण आणि मऊ खेळणी ठेवू नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. दुलई बाबागाडीसाठी, बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला, असं देताना सांगायला संकोचू नका.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सें.मी. असतो, पण ते माप काही आठवड्यांतच मागे पडतं. म्हणून मी नेहमी सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं माप विणते. शिवाय आईबापांना रात्री अडीच वाजता चार बटणं लावायला लावू नका. पुढून पूर्ण उघडणारा स्वेटर, मोठी दोन-तीन बटणं, घट्ट शिवलेली.

## ९. टाके बंद करणं आणि त्यानंतरचं

टाके बंद करताना उजव्या हातात एक माप जाड सुई घ्या. माझ्या भाच्याच्या गळ्याला एवढंच हवं होतं. बंद करायला रुंदीच्या निदान चौपट धागा शिल्लक आहे का, ते आधी बघा. शेवटच्या सात टाक्यांवर धागा संपण्यासारखं दुःख नाही.

टोकं बोथट सुईने विणीच्या मागच्या बाजूने ओवा. आधी एका दिशेने, मग उलट, मग थोडं वर किंवा खाली. एकाच दिशेने ओवलेलं टोक दुसऱ्या धुण्यात बाहेर येतं. कंटाळवाणं काम आहे हे, म्हणून ते शेवटच्या रात्रीवर ढकलू नका.

मग धुवा. हाताने विणलेल्या वस्तूला घरच्या चुकांपासून नीटसपणाकडे नेणारी पायरी हीच, आणि निम्मे लोक ती करतच नाहीत. लोकरीची वस्तू कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, चोळू नका. उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी टॉवेल घेतो. मग सपाट पसरून पट्टीने माप जुळवा, टाचण्या लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. दोरीवर वाळत घातलेला स्वेटर वाळेपर्यंत लांब झालेला असतो. ॲक्रिलिकला वरून दोन-तीन सें.मी. अंतरावरून वाफ द्या, इस्त्री टेकवू नका.

## १०. देताना बरोबर काय ठेवायचं

एक छोटी चिठ्ठी. तिच्यावर तीनच गोष्टी: धागा कशाचा आहे, कसं धुवायचं, कसं वाळवायचं. "मशीनमध्ये गार पाणी, सपाट वाळवणे, इस्त्री नको", एवढं पुरतं. किती तास लागले ते लिहू नका, आणि विणीतल्या चुकाही दाखवू नका. त्या तुम्हालाच दिसतात.

चिठ्ठीला त्याच लोकरीचा दोनेक मीटरचा धागा गुंडाळा, आणि बटणं असतील तर एक जास्तीचं बटण. कधी खिळ्याला अडकून वीण फाटली तर दुरुस्तीला त्याच रंगाचा धागा मिळतो. उरलेल्या लोकरीपैकी थोडी स्वतःकडेही ठेवा. वहीत त्या पानावर लेबल, सुयांचं माप, घातलेले टाके, कुणाला दिलं आणि कधी, असं लिहा.

मावशीसाठी दुसरी शाल विणली तेव्हा लोकर सुपरवॉश घेतली, तुकडा तिच्याच मशीनमध्ये दोनदा धुऊन घेतला. ती शाल सध्या माझ्याकडे आहे: एका कोपऱ्यात पाच टाके उसवलेत आणि वहीच्या त्या पानाला बांधलेला धागा बरोब्बर पुरतो आहे.